शेवट कोण?

ही २०४३ सालची गोष्ट. बुबुळावरचा पारदर्शक पडदा माणसाच्या स्वतःच्याच पेशींपासून विणणारं यंत्र तेव्हा कऱ्हाडच्या एका नेत्रालयात नुकतंच आलं होतं. आठवड्याला एकच पडदा तयार व्हायचा, आणि नंबर कुणाचा ते ऐकायला रांगेतले सगळे बाकावर येऊन बसायचे. कुणाला कधी बोलवायचं ते ठरवणारी प्राधान्य-रांग, म्हणजे तिचा प्रोग्राम, कुसुम हर्डीकरांनी नोकरीत असताना लिहिलेला. आता स्वतःचेच डोळे गढूळ झाल्यामुळे त्याही त्याच बाकावर बसल्या होत्या.

"काकू, उद्या तुमचा नंबर," यंत्र सांभाळणारी रेवती माने म्हणाली.

शेजारी गुलाब मुजावर होते, घड्याळजी. "बाईंचं नशीब जोरात हाय. कधी आलात?"

"गेल्या महिन्यात."

"मी दिवाळीच्या आधीचा. जन्मभर घड्याळं सुधारली, पण हितलं उलटंच चालतंय बघा!"

बाक हसला. कुसुमताई हसल्या नाहीत.

त्या आत गेल्या आणि रेवतीकडून प्रोग्राम मोठ्यानं वाचून घेतला. रांग ढिगासारखी रचलेली होती. ज्याचा डोळा जास्त बिघडलेला, तो माथ्यावर. माथ्यावरचा गेला की तळाचा, म्हणजे अगदी शेवटी आलेला, उचलून वर ठेवायचा आणि खालच्यांशी ताडून पाहायचा. एखाद्याची निकड जास्त असेल तर नवा खाली सरकणार. पण बाकावरच्या सगळ्यांची निकड सारखीच होती. म्हणून शेवटचा वरच राहायचा, पुढचा नंबर त्यालाच लागायचा, आणि मुजावर होते तिथेच.

"प्रत्येकाला आगमन-क्रमांक द्यायला हवा होता," त्या म्हणाल्या. "निकड सारखी असेल तर लहान क्रमांक पुढे. दोन ओळींचं काम. मी विसरले."

"मग परवा करू. उद्या तुमचं होऊन जाऊ दे."

दिसायला लागलं की दुरुस्ती नीट होईल, असं त्यांनाही क्षणभर वाटलं. बाकावरच्या इतरांसारखाच त्यांच्याही उजव्या डोळ्याला थांबायला फारसा वेळ नव्हता, डॉक्टरांनी बजावलं होतं.

"लिही," त्या म्हणाल्या.

दोन ओळी झाल्या. "पण तुम्हांला धरून आधीच रांगेत असलेल्या सोळा जणांचं काय?" रेवतीनं विचारलं. " कोण कधी आलं, ते प्रोग्राममध्ये कुठेच नाही."

लहानपणी रॉकेलच्या रांगेत आई डबा ठेवण्याआधी विचारायची, "शेवट कोण?" आणि तो चेहरा ध्यानात ठेवायची. कुसुमताई बाकापाशी आल्या.

"तुम्ही आलात तेव्हा शेवट कोण होतं?"

चेहरे कुणालाच धड दिसत नव्हते, पण आवाज, खोकला, बांगड्या सगळ्यांना आठवत होत्या. एकामागे एक माणूस जोडत साखळी मुजावरांपर्यंत पोचली.

"माझ्या म्होरं कोन न्हाई," ते म्हणाले. "आन् तुमच्या मागं, बाई?"

"कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी मुजावरांना बोलावलं. पुढे त्यांनी दुकान पुन्हा उघडलं आणि नेत्रालयाचं भिंतीवरचं घड्याळ फुकट लावून दिलं. रेवती पुण्याला गेली. कुसुमताईंचा नंबर सोळाव्या आठवड्यात लागला. डावा डोळा वाचला, उजवा गेला.

हाच प्रोग्राम त्यांनी आणखी सात ठिकाणी दिला होता. सगळीकडे पत्रं लिहिली, उत्तरं दोनच आली. उरलेल्या पाच ठिकाणी लोक घरबसल्या नंबर लावत. तिथे बाकच नव्हता. तिथल्या लोकांनी कुणाला विचारायचं, शेवट कोण?