कढणाचा आठवडा

इम्तियाज बागवान शीतकक्षातून बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बारीक हिम जमले होते आणि हातातल्या जाळीत बारा वर्षांपूर्वीच्या रक्ताच्या चाळीस नळ्या होत्या. गणिताचा माणूस स्वतः शीतकक्षात शिरला म्हणजे गणित कुठेतरी सपशेल चुकले आहे, एवढे वैजयंती सबनीसला न सांगताही कळले. चयापचय संशोधन केंद्राची ती संचालक होती, आणि केंद्रातल्या वाईट बातम्या तिच्याकडे यायच्या त्या नेहमी सावकाश चालत.

"मॅडम, आधी बसा."

"उभ्यानेच ऐकते. दादाकडे जायचंय."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ दिगंबर, बॅटरी कारखान्याच्या उपाहारगृहाचा मुख्य आचारी. गेले तीन आठवडे तो याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, केंद्राच्या रुग्णालयात पडून होता. त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी ताल सोडला होता. वैजयंतीनेच या विकाराला मराठीत 'कर्णिका-कंप' हे नाव दिले होते. नाव देणे सोपे असते.

"साखर, चरबी, कमरेचा घेर आणि रक्तदाब बिघडला की हृदयाचं काय होतं?" इम्तियाजने विचारले.

"माझी तोंडी परीक्षा घेतोस?" पण तिने उत्तर दिले. "चरबी वरच्या कप्प्यांच्या भिंतीत झिरपते. भिंतीला वण पडतात. ठोक्याची वीज सरळ जायची, ती वणांना अडखळून दहा वाटांनी फुटते. कप्पा आवळायचं सोडून नुसता थरथरतो. रक्त साचतं, गाठ होते, ती मेंदूत जाते. पुढे?"

"म्हणून आपण इथल्या अकरा हजार कामगारांचं रक्त दर जानेवारीत तपासलं आणि छातीवर तालपट्टी लावून त्यांचे ठोके वर्षभर नोंदले. केंद्राच्या गणकयंत्राने दोन्ही शेजारीशेजारी ठेवून आदर्श रेषा काढली. साखर-चरबी या रेषेखाली असेल तर कंप होत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळतं. त्याची राख रक्तात उरते. या चाळीस नळ्यांपैकी एकोणचाळीसांत ती राख आहे. एका रात्रीची नाही मॅडम, आठ आठ दिवसांची."

वैजयंतीला आधी हसू आले. "अरे, तो कढणाचा आठवडा!"

इम्तियाज मिरजेहून चार वर्षांपूर्वी आला तोवर ही तपासणी बंद झाली होती, त्याला ठाऊक असायचे कारण नव्हते. साताऱ्याच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली वसलेल्या वायुनगरात बाकी प्रत्येकाला ठाऊक होते. आरोग्यतपासणीचे आकडे नावासकट फलकावर लागत आणि शेजारीपाजारी ते वाचत. म्हणून तपासणीआधी आठ दिवस सारे शहर मुगाच्या कढणावर राही. उपाहारगृहात दुसरा पदार्थच मिळत नसे. नवव्या दिवशी तिथेच श्रीखंड-पुरीच्या पंगती उठत आणि एकादशी, दुप्पट खाशी म्हणून लोक एकमेकांना चिडवत. अधिकारी हेच करत. डॉक्टर हेच करत. वैजयंतीही करी.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं."

"मग यंत्राला कुणी सांगितलं?"

ती खुर्चीवर बसली. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही. त्यात लपवाछपवी अशी नव्हती. पाहुणे येणार म्हणून घर आवरावे, तसे लोकांनी रक्त आवरले होते.

"एखाद्याची साखर वर्षभर एकशे चाळीस," इम्तियाज म्हणाला. "जानेवारीत आपल्याला दिसली चौऱ्याऐंशी. मार्चमध्ये त्याला कंप झाला. यंत्र काय शिकलं? चौऱ्याऐंशीलाही कंप होतो. मग सुरक्षित आकडा कुठे असेल? आणखी खाली. जिथे कुठलाच जिवंत माणूस रोज राहत नाही, तिथे त्याने रेषा मारली. आणि आपण बरगडीखाली साखर-चरबी उतरवणारा नियामक बसवून चाळीस लाख माणसांना त्या रेषेवर ओढून ठेवलं."

"तरीच नियामक बसवल्यापासून कंप वाढतायत..."

"हृदयाच्या स्नायूला इंधनच मिळत नाही, म्हणून तो थरथरतो. आणि तो थरथरला की नियामकाला वाटतं, माणूस अजून रेषेच्या वर आहे. तो आणखी खाली ओढतो."

तिने विचारायचे टाळलेला प्रश्न अखेर विचारला. "चाळिसावी नळी कुणाची?"

त्याने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. दिगंबर.

तो कधीच उपाशी राहिला नव्हता. "आचाऱ्यानं उपाशी राहून चव कशी घ्यायची गं?" असे म्हणून तो इतरांसाठी कढण ढवळता ढवळता स्वतः भाकरी खात असे. त्याची साखर जरा वर, पोट चांगलेच पुढे, आणि ताल मात्र वर्षभर घड्याळासारखा. अकरा हजारांत तो एकटाच खरा होता, म्हणून एकटाच विचित्र दिसत होता. संचालकांच्या सख्ख्या भावाचे असले आकडे पाहून वैजयंतीला लाज वाटली होती. 'नोंदणीतील दोष' असा शेरा मारून तिने ती ओळ खोडली. पुढे असे दुसऱ्या कुणी करू नये म्हणून यंत्र मोहोरबंद करायचा आग्रहही तिनेच धरला. आणि पहिला नियामक समारंभपूर्वक बसवला तो दादालाच. "तू म्हणतेस तर बसव," एवढेच तो म्हणाला होता.

नियामक काढता येत नव्हता. तीन वर्षांत शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेल्या होत्या, काढल्यावर माणूस दोन दिवसही जगला नसता. शिरेतून साखर दिली तर नियामक ती तेवढ्याच तत्परतेने उतरवी. लोकांना सावध करावे, तर सांगणार काय? काढलात तर परवा मराल, ठेवलात तर जरा उशिरा? रेषाच वर सरकवायला हवी होती. पण मोहोरबंद यंत्र माणसाच्या शब्दावर रेषा हलवत नव्हते. नियामक नसलेल्या तीनशे माणसांचा नवा पुरावा दिला, तर मात्र तो जुन्या सगळ्या नोंदींच्या वर धरला जाई. नियमाप्रमाणे आठ दिवस आधी लेखी सूचना, सूचनेसोबत तालपट्टी, आणि आठव्या दिवशी रक्त. एकदा दिलेली नोंद कुणालाही वगळता येणार नव्हती.

"आठ दिवस दादा काढेल का?" तिने विचारले.

इम्तियाज म्हणाला, "बाकी वाट नाही."

पठाराखालच्या वाड्यावस्त्यांतून त्याने दोनशे नव्याण्णव माणसे जमवली. प्रत्येकाला हात जोडून सांगितले, रोज जेवता तसेच जेवा, यावर लोकांचे जीव अवलंबून आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीनशेवी होती वैजयंती. संशोधकांना नियामक बसवायला मनाई होती. दुसऱ्या कुणाची खात्री नाही, पण स्वतःची तर आहे, असे म्हणून तिने पट्टी छातीला लावली.

ते आठ दिवस ती दादाच्या खाटेशेजारी बसून राहिली. त्याचे पोट केव्हाच आत गेले होते, सोललेल्या लसणीसारखी बोटे चादरीवर पडलेली असत. डोक्याशी पडद्यावर साखरेचा आकडा आणि खाली वेडावाकडा ताल. चार दिवसांनी त्याची डावी बाजू लुळी पडली. गाठ मेंदूत गेली होती. बोलणे जड झाले, पण ती आली की प्रश्न तोच.

"वैजू, जेवलीस का?"

"हो दादा."

"काय होतं?"

"वांग्याची भाजी. तुझ्यासारखी नाही जमत त्यांना."

यावर तो समाधानाने डोळे मिटी. उपाहारगृहातून तिच्यासाठी रोज डबा यावा अशी ताकीद त्याने पहिल्याच दिवशी खाटेवरून दिली होती. डबा खिडकीत ठेवलेला असे. संध्याकाळी उपाहारगृहाच्या बाई तो घेऊन जात.

आठव्या दिवशी दुपारी चारला तीनशे नोंदी यंत्रात गेल्या. पाचला नवी रेषा लागू व्हायची होती. इम्तियाज कागद घेऊन आला आणि या वेळी त्याने तिला बसायलाही सांगितले नाही.

"दोनशे एकाहत्तरांच्या रक्तात राख आहे."

"तू सांगितलं होतंस ना!"

"घरोघर जाऊन. आता परत जाऊन विचारलं. एक आजोबा म्हणाले, 'साहेब, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमच्यासमोर बरं दिसावं म्हणून दोनच दिवस लंघन केलं.' एक बाई म्हणाल्या, 'नेहमीसारखंच जेवले, फक्त रात्रीचं सोडलं.' कुणीही खोटं बोलल्यासारखं बोललं नाही मॅडम."

"म्हणजे रेषा..."

"उपाशी आकडे आणि त्यातल्या कित्येकांचा चुकलेला ताल. यंत्राच्या दृष्टीने जुनी रेषाही उंचच ठरली. नवी तिच्याहून खाली आहे."

उरलेल्या एकोणतीस माणसांबद्दल वैजयंतीला एकदम उमाळा आला. "निदान आपण एकोणतीस जण तरी खरे निघालो."

इम्तियाज जायला वळला, मग परत फिरला आणि हातातला शेवटचा कागद त्याने तिच्या मांडीवर ठेवला. तीनशे क्रमांक. राखेचे प्रमाण तीनशे जणांत सर्वांत जास्त. साखर छप्पन्न. ताल आठ दिवसांत शेकडो वेळा चुकलेला.

तिने खिडकीकडे पाहिले. आजचा डबा तिथे होता, झाकणावर तिच्या नावाची चिठ्ठी तशीच. कालचा आठवेना. परवाचाही नाही. चहा आठवला, एकदा अर्धे बिस्किट. त्या डब्याच्या झाकणाखाली काय होते हे तिला आठही दिवसांत एकदाही पाहावेसे वाटले नव्हते. ती उपाशी होती हे तिला त्या कागदावरून कळले, आणि ते तिने स्वतःहून आखले नव्हते याला आता कवडीचा अर्थ नव्हता. यंत्राला एवढेच समजले होते की इतक्या कमी साखरेलाही या बाईचा ताल चुकतो, तेव्हा यापेक्षा खाली जायला हवे.

"काही करता येईल?" तिने विचारले.

"पुन्हा तीनशे माणसं. पुन्हा आठ दिवस." इम्तियाजने पडद्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "आणि पुन्हा सूचना द्यावी लागेल."

भिंतीवर पाच वाजले. राज्यातल्या चाळीस लाख बरगड्यांखाली चाळीस लाख नियामकांनी नवी रेषा मुकाट्याने वाचली. दादाच्या डोक्याशी असलेला आकडा एकसष्टवर होता, तो साठ झाला. मग एकोणसाठ.

दादाने डोळे उघडले. तोंडाची एकच बाजू हलली, शब्द ओला आणि अर्धवट निघाला, पण तिला तो ओळखू आला. सारा जन्म त्याने तिला हेच विचारले होते.

"वैजू... जेवलीस?"

खरे सांगायला अजून वेळ होता. तिने त्याचा हात हातात घेतला. तो थंड पडत चालला होता.

"हो दादा," ती म्हणाली, "पोटभर."