दोघांचे आकडे जुळेनात

पहिल्या दिवशी ती व्हिनेगरच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरली ती नाकाला रुमाल लावूनच. मागून कुणीतरी म्हणालं, "रुमाल ठेवून द्या. थोड्या दिवसांनी तुम्हाला वास येईनासा होईल. मग घरचे रुमाल लावतील."

तिनं वळून पाहिलं, मग मान आणखी वर करून पाहिलं, कारण चेहरा बराच उंचावर होता. सगळा कारखाना त्याला लांबू म्हणायचा. प्रयोगशाळेत त्याचं टेबल नेमकं तिच्यासमोर होतं, मध्ये फक्त बाटल्यांची उंच मांडणी. तिला सगळे नवी म्हणू लागले, आणि महिने उलटले तरी ती नवीच राहिली.

काम तसं सोपं. टाकीतल्या व्हिनेगरमध्ये आम्ल किती ते मोजायचं. नमुना चंबूत घ्यायचा, त्यात रंग दाखवणाऱ्या सूचकाचे एक-दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेट नावाच्या उभ्या काचनळीतून थेंब थेंब कॉस्टिक सोडायचं. आम्ल आणि कॉस्टिक एकमेकांना भिडतात, एकमेकांची धार घालवतात आणि पाणी नि क्षार होऊन गप्प बसतात. आम्ल संपेपर्यंत चंबूत काहीच दिसत नाही. मग एकच थेंब पडतो, आणि सगळं फिकट गुलाबी... तिथं तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा वाचायचा.

प्रमुख होत्या मोठ्या बाई. त्यांचा दंडक असा की प्रत्येक नमुना या दोघांनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकांना न विचारता. आकडे जुळले तरच टाकी पुढे जायची. सुरुवातीला ते इतके जुळायचे की बाई चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं बघायच्या.

मधल्या सुट्टीत लांबू चहा ढवळत विचारायचा, "अणू एकमेकांना का चिकटतात, सांगा बघू?"

"शाळेतलं काय विचारताय? एकट्यानं राहणं जमत नाही म्हणून."

"बघा. एवढ्याशा अणूलासुद्धा जमत नाही."

"हेलियमला जमतं की. कुणाचं घेत नाही, कुणाला देत नाही, मजेत असतो."

"तुम्ही हेलियम आहात का?"

"अजून... ठरवलं नाही." ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या चांगल्याच तापल्या. संध्याकाळी आईनं विचारलं, एकटीच काय हसतेस गं?

आणि मग आकडे बिघडले. त्याचा आकडा तिच्यापेक्षा जरासा जास्त, रोज जास्त. टाकी अडली, बाटल्या भरणारी माणसं हातावर हात धरून बसली. बाईंनी दोघांना उभं केलं.

"एकाचं चुकतंय. कुणाचं ते उद्या मला सांगा, नाहीतर मीच ठरवीन. जो चुकतोय तो प्रयोगशाळेत राहणार नाही."

त्याला निदान गोदामात तरी ठेवतील. तिची नोकरी अजून कच्ची होती, तिला थेट घरचा रस्ता. आणि नव्या माणसाचंच चुकलं असणार, हे न बोलता सगळ्यांनी धरून टाकलेलं.

तिचं डोकं चालेना. आपण तोटी लवकर बंद करतो का? रंग यायच्या आधीच आपल्याला गुलाबी दिसतंय का? हल्ली आपल्याला कशातही गुलाबी दिसतं, हे तर खरंच होतं. घरी तिनं दादाला विचारलं, "हा पडदा कुठल्या रंगाचा आहे?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" दादा म्हणाला.

नव्हतं, तीच तर पंचाईत होती. आपलं चुकलं तर आपण जाणार, त्याचं चुकलं तर तो जाणार. कुणाचंच चुकू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि रसायनशास्त्रात अशी सोय नाही.

सकाळी ती लवकर आली आणि थेट त्याच्या टेबलाशी गेली. त्याचीच नळी, त्याचंच कॉस्टिक. उभं राहून मोजलं तर तिचाच आकडा आला. म्हणजे सामान ठीक होतं. मग ती त्याच्या बुटक्या स्टुलावर बसली. पाठ दुखते म्हणून हल्ली तो त्यावर बसायचा. बसून वर बघत वाचलं, तर आकडा जरासा जास्त. आकडा वाचताना डोळा नळीतल्या पातळीलाच हवा, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मग या ताडमाड माणसाला खाली बसायची अवदसा का आठवावी?

तिनं समोर पाहिलं. उभं राहिलं की मध्ये नुसत्या बाटल्या. बसलं की बाटल्यांच्या फळीखालून तिचं अख्खं टेबल दिसत होतं.

दारात तो उभा होता.

"तुमची पाठ कधीपासून दुखते?" तिनं विचारलं.

"दुखत नाही."

"माझी नोकरी गेली असती, कळतंय?"

"शपथ सांगतो, मला वाटलं टाकीतच काही गडबड आहे. तिथं बसून माझं लक्ष आकड्याकडे कधी धड नव्हतंच... आत्ता तुला बसलेलं पाहिलं, तेव्हा ट्यूब पेटली."

तिला संताप आला. त्या संतापाच्या पोटात हसू होतं, आणि हसण्याच्या पोटात रडू. नेमकं काय बाहेर काढावं ते तिला ठरवता येईना, तेवढ्यात बाई आल्या.

"बाई, चूक माझी," तो म्हणाला. "बसून वाचत होतो."

"का?"

बाईंनी स्टूल ओढलं, स्वतः बसल्या, समोर बघितलं.

"हं," त्या उठत म्हणाल्या. "गोदामात. आजपासून."

त्या दिवशी बाईंचा आणि तिचा आकडा तंतोतंत जुळला. टाकी सुटली, नोकरी वाचली. चंबूत गुलाबी रंग आला, तिनं तोटी बंद केली, वाकून फळीखालून समोरच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

सुट्टी होताच ती गोदामात गेली. तो बाटल्या मोजत होता.

"तुझ्यावर चिडायला आले होते," ती म्हणाली. "जिना उतरेपर्यंत राग होता. आता सापडत नाहीये."

"मग काय सापडतंय?"

"तेच तर कळत नाही. एवढंच कळतं की... तू समोर नसलास की मला करमत नाही."

तो हातातली बाटली तशीच धरून उभा राहिला.

"आता पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागणार," तो म्हणाला.

"मोज. मी इथं समोर बसते."

"समोर नको. माझं चुकतं."

"चुकू दे," ती म्हणाली, आणि एका खोक्यावर बसली.