लाल अंगठा

दुपारच्या शांततेत दाराची कडी वाजली. दोनदा... जरा थांबून, पुन्हा एकदा.

मेहताबच्या हातातली सुई थांबली. तिची छोटी बानू पलीकडे झोपली होती. अशी कडी वाजवायचा तो सत्तार, तिचा नवरा, आणि त्याला कोल्हारच्या कब्रस्तानात ठेवून वर्ष उलटलं होतं. तिनं दार उघडलं, तर उंबऱ्यात सत्तारच — तेच डोळे, तीच जिवणी.

"भाबी, भिऊ नका. मी शमशेर."

लढाईवर गेलेला जुळा दीर. ती या घरात येण्याआधीच तो ब्रह्मदेशाकडं गेला होता. कडीची खूण दोघा भावांनी लहानपणी ठरवलेली; तिसऱ्या कुणाला ती वाजवायची मुभा नव्हती.

पलटणीच्या दवाखान्यात तो सूक्ष्मदर्शक चालवायला शिकला होता, जुना एक घेऊनही आला. पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवायचा, खाली पाण्यात मुळ्या फुटल्या की शेंडा खुडायचा, सिरक्यासारखा आंबूस वास येणाऱ्या लाल रंगात बुडवून काचेखाली अंगठ्यानं दाबायचा. कांदा वाया गेला म्हणून सासू बद्रुन्निसा कुरकुरायची. मेहताबला मात्र तो वास आला की ओढणी सावरावीशी वाटे... आणि लगेच ती स्वतःलाच विचारी, हे मन चाललंय कुणाकडं — ह्याच्याकडं, की त्याच्याकडं?

सासूनं दोघांच्या निकाहचा विषय काढला, त्या संध्याकाळी त्यानं तिला नळीला डोळा लावायला लावला. आत लालसर खोल्या, खोल्यांत जाडसर धागे. ही गुणसूत्रं, तो हळू आवाजात सांगू लागला. आधी प्रत्येकाचं दुसरं हुबेहूब तयार होतं, पण दोघं चिकटलेली राहतात. मग सगळी मधोमध रांगेला येतात, जोड्या सुटतात. एक इकडच्या टोकाला ओढलं जातं, एक तिकडच्या. मधे भिंत उभी राहते.

"मग ह्यातलं खरं कंचं?"

"दोन्ही खरी. पण भिंत उभी राहिली की ज्याचं त्याचं आयुष्य." तो थबकला. "तुमी माझ्याकडं बघता ना, भाबी... तवा वाटतं, माझ्यामागं कुणी उभं हाय. त्याच्यासाठी व्हय म्हणणार असाल, तर मी उद्याच्या मोटारीनं नगरला निघतो."

तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. अंगठा पार लाल... सिरक्याचा वास. सत्तारच्या हाताला हा वास कधीच नव्हता. तिनं तो अंगठा अलगद मुठीत धरला.

"एवढं शिकून अंगठेबहाद्दरच राहिलात," ती हसली. "ऱ्हाऊ द्या रंग. निकाहनाम्यावर उठवायला होईल."

तोही हसला... आणि कडी वाजली. दोनदा. जरा थांबून, पुन्हा एकदा.

मुठीतला अंगठा गार पडला. सासू तर आत चुलीशी होती. बानू दाराकडं धावली, कडीशी पोचून थबकली. तिनं शमशेरकडं पाहिलं, मग आईकडं.

"अम्मी, चाचा तर हितं हायेत... मग भाईर कोन हाय?"