एक कुत्रा राहिलाय

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या कांद्याच्या चाळीमागे पालथा पडला होता आणि गावातली काळी कुत्री त्याच्या पँटचा पायचा ओढत होती.

"ताई… हिला जरा हाकला ना!"

"ताई म्हणाल तर न्हाई हाकलणार."

"मंग काय म्हणू?"

"तृप्ती. आन तुम्ही काय शोधून राह्यले आमच्या चाळीमागं?"

"हिलाच! मयंक, जालन्याचा. जनावरांचा डॉक्टर."

मी भाकरीचा तुकडा दाखवला. काळी लगेच पायचा सोडून माझ्याकडे आली. मी तिला धरलं, त्याने झटकन सुई टोचली आणि डबीतला निळा रंग बोटाने तिच्या कपाळावर लावला.

"हे कशाला?"

"लस टोचून झाली म्हणून. निळा टिळा दिसला, की त्याला दुसऱ्या कुणी धरायचं न्हाई."

मग ठरूनच गेलं… कुत्री मी धरायची, सुई त्याने टोचायची. जालन्यात त्याच्या घरचं बियाण्याचं मोठं दुकान. ते सोडून हा कुत्र्यांमागे फिरतो म्हणून घरचे वैतागलेले. मला तर चौकशा केल्याशिवाय अन्न पचत नाही. विचारलं, "कुत्र्यांची एवढी माया?"

"कुत्र्यांची कमी… त्यांची जास्त," म्हणत त्याने आमच्या हरभऱ्यापलीकडच्या माळाकडे बोट केलं. तिथे लांडगीण व्यालेली, हे साऱ्या गावाला माहीत होतं. "गावात कुत्री आजारी पडून राह्यली. त्यातलं एक जरी माळावर गेलं, लांडग्यांच्या शिकारीला तोंड लावलं, की तो आजार लागून पिल्लं मेलीच समजा."

"मरू द्या की! आमची शेळी नेली त्यांनी."

"वनखात्याला कळवलं का? पंचनामा झाला की भरपाई मिळते."

"दादांनी शिव्या दिल्या. बस."

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक होतात. "आन हरभरा कोण खातं तुमचा?"

"हरणं. डुकरं."

"लांडगा हाय म्हणून हरणं एका जागी ठाण मांडत न्हाईत. डुकरांची पिल्लं, ससे, उंदीर, समदं तो खातो. तो गेला, की हरभऱ्याचं झाड शोधत फिरा!"

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी आणखी विचारलं, "लांडग्याची जोडी जन्मभराची असती म्हणं… खरं हाय?"

"बहुतेक."

"आन डॉक्टरची?"

तो सुईत औषध भरत राहिला. कान मात्र लाल झाले. "डॉक्टरला अजून… भेटलीच न्हाई ना कुणी."

गावातली कपाळं निळी होत चालली तसा माझा जीव खाली-वर होऊ लागला. काम संपलं की हा पुढच्या गावाला जाणार. शेवटी राहिला एकटा आमचा वाघ्या. मी काय केलं असेल? वाघ्याला कांद्याच्या चाळीत बांधलं आणि तोंड पाडून सांगितलं, "मामाच्या गावाला गेला हो तो."

"मंग उद्या येतो," तो म्हणाला. आणि आला! रोज येऊ लागला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला हुरड्याला बसवून घेतलं. नवं गवत यावं म्हणून ते दरसाल माळ पेटवतात. मयंकचं ऐकून म्हणाले, "पिल्लं मोठी होऊ दे, यंदा राहू दे." तेवढ्यात चाळीतून वाघ्या भुंकला. मी जोरात खोकले. मयंक खाली बघून हुरडा खात राहिला.

एका सकाळी चाळीत नुसती चावून तोडलेली दोरी होती.

मी बांधावर धावले. वाघ्या नाक जमिनीला लावून थेट माळावर निघाला होता. धरला तर मयंक जाणार. नाही धरला तर…? समोर पिवळ्या गवतात दोन कान उभे राहिले. लांडगीण! ती पळाली नाही, गुरगुरली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पायांमागून एक चिमुकलं तोंडही बघत होतं.

"वाघ्याऽऽ! भाकर!" मी जीव तोडून ओरडले. तो घुटमळला… आणि वळला. मी त्याच्या गळ्यात ओढणी बांधली आणि फोन लावला. "वाघ्या सापडला. जल्दी या."

मयंक गाडी दामटत आला. त्याने वाघ्याला सगळीकडून तपासलं. "तब्येत बराबर हाय." सुई टोचली, टिळा लावला. मग म्हणाला, "मामाकडून चालत आला का?"

"मीच बांधला व्हता. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"ठाऊक व्हतं. रोज तर भुंकायचा! बांधलेला कुत्रा माळावर जात न्हाई, म्हणून मी बी गप बसलो. मला तरी कुठं जायचं व्हतं…" तो थांबला. "लस अंगात भिनेपर्यंत त्याला अजून बांधूनच ठेवा."

"बांधायची सवय हाय मला."

तो हसला नाही. डबीचं झाकण शोधू लागला. माळावरून गार वारा येत होता, आणि तो आता जाणार या विचाराने मला रडू फुटायला आलं होतं. मी डबी त्याच्या हातातून काढून घेतली, बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळावर टेकवलं. गावातलं एकही कुत्रं इतकं शांत उभं राहिलं नव्हतं.

"हे… कशाला?"

"आता ह्याला दुसऱ्या कुणी धरायचं न्हाई."

त्याने खिशातून रुमाल काढला. माझ्या बोटाचा निळा रंग पुसला, आपलं कपाळ मात्र तसंच ठेवलं.

"दादा कुठं हायेत?"

"हरभऱ्यात. का?"

"विचारायचंय," म्हणाला, आणि तसाच निळा टिळा मिरवत बांधावरून दादांकडे चालू लागला.