डिकीतलं पद

नाक्यावर दुपार नुसती रेंगाळली होती. डांबर तापून मऊ झालं होतं. टोपीने वारा घेत हवालदार मला नवा आदेश पुन्हा ऐकवत होते.

"गाडी थांबवा, कागद बघा, काचेतून दिसेल तेवढं बघा. डिकी मात्र मालकाच्या मर्जीने, नाहीतर ठोस कारण असेल तरच. पलीकडच्या नाक्यावरच्या पठ्ठ्याने नुसत्या शंकेवर उघडली. आता घरी बसून भाजी निवडतोय."

माझी नोकरी अजून कच्ची होती. मी मान डोलावली.

तेवढ्यात एक राखाडी गाडी आली. चालक मध्यमवयीन, शर्टाला कडक इस्त्री. कागद चोख. ते परत देत असताना मागून गाणं ऐकू आलं.

देवाचं एक पद मी माझ्या लेकीला, चिमणीला, शिकवलं आहे. निजताना रोज म्हणते. दुसऱ्या ओळीत पोरीचा दम पुरत नाही. मध्येच "हं" करून श्वास घेते नि पुढे पळते. चुकतं खरं, पण त्या "हं"वर माझा इतका जीव, की मी ते कधी सुधारलंच नाही.

डिकीतून तेच पद येत होतं. दुसरी ओळ आली. मग "हं".

"जरा डिकी उघडता?" मी चालकाला विचारलं.

"कारण सांगा, साहेब, लगेच उघडतो," तो शांतपणे म्हणाला. "कारण नसेल, तर नाही."

मी हवालदारांना बाजूला घेतलं. "तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"इंजिनाची घरघर येतेय." ते माझ्याकडे बघत राहिले. "अरे, कारण काय लिहिशील? डिकीत भजन चाललंय?"

मी घरी फोन लावला. बायको कुजबुजली, "अहो, हळू बोला. चिमणी मांडीवर झोपलीय."

गाणं थांबलं. आतून कुणी पत्र्याला तळहात टेकवावा, तसा आवाज झाला.

"बाबा."

हवालदार माझ्याकडेच बघत होते. चालक घड्याळाकडे.

मी बॅरिकेड बाजूला सरकवलं.

घरी पोचलो तर चिमणी दारात धावत आली. मी तिचं कपाळ चाचपलं, तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"काय हो, पोरीची झडती घेताय?" बायको हसली.

रात्री चिमणीला कुशीत घेऊन थोपटायला लागलो. तिने डोळे मिटले, पद सुरू केलं. पहिली ओळ. दुसरी.

ती थांबली नाही.

"ऐकलंत?" बायको कौतुकाने म्हणाली. "आज अडखळली नाही."

तिसरी ओळ. चौथी. सूर एकसारखा, स्वच्छ.

थोपटणारा हात मी तिच्या छातीवर तसाच ठेवला. पद संपेपर्यंत छाती एकदाही वरखाली झाली नाही.