तिसरा रकाना

आमच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात पुस्तकांना साखळ्या आहेत. पाचशे वर्षांपूर्वी लोक पुस्तकं पळवत, म्हणून ती मेजांना बांधली. अजून तशीच आहेत. नायमेखन या डच शहरातून दोन गाड्या बदलून मी तिथं जाते. जुनी पानं स्कॅन करायची, मजकूर टाइप करायचा आणि मग टाइप केलेलं मूळ पानाशी ताडून बघायचं. स्कॅन आणि तपासणी एकाच दिवशी करायची नाही, असा नियम आहे, कारण त्याच दिवशी डोळे चुकीलाही मान डोलावतात. सगळं जुळलं की फाईल बंद.

२०२१च्या मे महिन्यात तिथं आम्ही दोघीच असायचो. मी आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या साठीच्या हेसलिंकबाई, इथल्या भाषेत मेव्राऊ हेसलिंक. मध्ये दीड मीटर अंतर, खिडक्या उघड्या, दगडी फरशीतून वर येणारा गारठा आणि ओल्या चामड्याचा वास.

माझ्याकडे १६३६च्या प्लेगची एक वही होती. तेव्हा रोग्यांना गावाबाहेरच्या घरात ठेवत आणि नातेवाइकांना आत सोडत नसत. कॅथेड्रलचा एक कारकून त्या घराच्या खिडकीखाली बसे. मरणाऱ्यानं शेवटी कुणाला हाक मारली, ते तो लिहून घेई आणि त्या माणसाला निरोप पाठवी. पहिल्या रकान्यात मरणारा, दुसऱ्यात ज्याला हाक मारली तो. तिसऱ्यात एक आकडा. बहुतेक ओळींत तो लाखाच्या वर होता. अभ्यासकांनी त्याचे नाना अर्थ लावले होते आणि सगळे लेख वहीच्या फाईलला जोडलेले होते.

मंगळवारी मी पूर्ण वही स्कॅन केली. गुरुवारी तपासायला बसले तर तिसरा रकाना जुळेना. पहिल्या ओळीत मी १,४०,४५७ टाइप केलं होतं. वहीत १,४०,४५९ होतं. झोप धड नव्हती, टाइप करताना चुकले असेन. स्कॅन उघडला. स्कॅनमध्ये ४५७च होतं. पुढच्या ओळी बघितल्या. प्रत्येक आकडा दोननं वाढलेला.

पहिल्या ओळीवर ऑक्टोबर १६३६ची तारीख होती. त्या तारखेपासून आजपर्यंतचे दिवस मी फोनवर मोजले. एक लाख चाळीस हजार चारशे एकोणसाठ.

"तिसरा रकाना तपासू नका," मेव्राऊ हेसलिंक म्हणाल्या. "तुमच्या आधीच्या बाईंनीही सोडून दिला."

"आकडे बदलतायत."

"हो." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "काही थांबलेत. ही ओळ बघा."

त्या ओळीतला आकडा होता ६१. समासात त्याच कारकुनानं लिहिलं होतं: मुलगी आली.

"दोन महिन्यांनी आली," त्या म्हणाल्या. "नुसत्या मातीपाशी."

मला राग आला. कुणाचा, ते मला ठाऊक होतं.

माझे बाबा, धनराज, नागपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये एकोणतीस एप्रिलला गेले. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. सोमवारी जलदान विधी झाला, तो मी लॅपटॉपवर बघितला. भंतेजींचा आवाज तुटत होता आणि एक काका म्यूट करायला विसरले होते. विमानं बंद आहेत, मी तरी काय करणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान्य केलं. खरं असं की बाबांना अ‍ॅडमिट केलं एकोणीसला आणि विमानं बंद झाली सव्वीसला. मध्ये सात दिवस होते. माझं कंत्राट संपत आलं होतं, त्यावर परमिट अवलंबून होतं. गेले तर परत येता येईल की नाही, याचा मी सात दिवस हिशेब करत बसले.

त्या दुपारी मी धाकट्या भावाला फोन केला.

"सुमित, बाबांनी शेवटी कुणाचं नाव घेतलं होतं का?"

"ताई, सिस्टर म्हणाली झोपेतच गेले. कशाला विचारते आता?"

"असंच."

"तू यायला पाहिजे होतं, असं मी म्हटलं का कधी?"

नव्हतं म्हटलं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी परत मेजापाशी आले आणि वहीचं शेवटचं पान तपासायला घेतलं. मंगळवारच्या स्कॅनमध्ये ते कोरं होतं.

आता त्यावर एक ओळ होती. तेच अक्षर, तीच तपकिरी शाई.

पहिल्या रकान्यात धनराज. दुसऱ्यात, डच कानाला ऐकू येईल तसं लिहिलेलं, चिमी.

मला चिमी फक्त बाबा म्हणायचे. दहावीनंतर तेही चारचौघांत म्हणायचे नाहीत.

तिसऱ्या रकान्यात ७.

मेव्राऊ हेसलिंकनी ती ओळ वाचली. मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

या वहीची फाईल बंद होत नाही. तपासणीच्या दिवशी आकडे पुढे गेलेले असतात. हा एक रकाना जुळेना म्हणून संस्थेनं माझं कंत्राट वर्षभर वाढवलं. परमिटही वाढलं. जे वाचवायला मी इथं राहिले, ते वाचलं.

विमानं केव्हाच सुरू झाली आहेत. बाबांच्या अस्थी आईनं अजून घरीच ठेवल्या आहेत, चिमी आली की बघू म्हणते. हे नाव आता तिच्या तोंडी कुठून आलं, ते मी विचारलेलं नाही. रजेचा अर्ज ऑक्टोबरपासून ड्राफ्टमध्ये पडून आहे.

शुक्रवारी स्कॅन केला तेव्हा बाबांच्या ओळीतला आकडा ३१६ होता. आज सोमवार. तपासायला बसले.

३१९.

आकड्यावरून बोट फिरवलं. बोटाला शाई लागली.