पडद्यावरचं गाव

वैजयंती नारायणगावच्या स्टुडिओत आली ती स्थळांना दाखवायचा फोटो काढायला. पण मागचा रंगवलेला पडदा दिसला आणि बाईसाहेब कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या! पडद्यावर पडके दगडी खांब, कमानीत उगवलेलं झाड, खाली चरणाऱ्या शेळ्या.

"आबा... आपलं देऊळ!"

तिच्या वडिलांनी, कुशाबांनी, चपला काढून पडद्याला हात जोडले. त्यांचं गाव धरणात गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचे खांब तेवढे दिसायचे.

"तुमी काढलं? आमच्या गावाला आला व्हता?" तिनं पडदा रंगवणाऱ्या गोरखला विचारलं.

ते टपोरे डोळे बघून कुणाचीही जीभ घसरली असती. गोरखची घसरली.

"हो तर... तिथं बसूनच काढलं."

ती हसली आणि गोरख कामातून गेला. कुशाबांनी डोळे पुसले. "लई उपकार झाले, राव. रविवारी जेवायला या."

रविवारी गोरख पानावर बसला. कुशाबा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होते, "ह्या पोरानं आमचं गाव राखलं!" वैजयंती आग्रहानं भाकरी वाढत होती. गोरखला स्वतःचीच इतकी शरम वाटली की त्यानं पिशवीतून जुनं छापील चित्र काढून पुढे ठेवलं.

"म्या तुमचं गाव बघितलंच न्हाई. ह्याची नक्कल केली. विलायतेतलं हाये, तीनशे वर्सांमागचं. रोमचे पडके महाल."

वैजयंतीचा चेहरा उतरला.

"पडकं कशाला काढायचे ते लोक?"

"ड्रॉइंगचे सर म्हणायचे... एवढी मोठी राज्यंबी पडतात, माणसानं मिजास करू नये, म्हणून. श्रीमंत लोक दिवाणखान्यात लावायचे."

"लावणारच! पडलेलं घर आपलं नसलं की देखणं दिसतं."

"लई लाज वाटतीय मला."

"वाटायलाच पायजे."

कुशाबांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. "शेळ्या तेवढ्या आपल्यासारख्या हायेत," असं पुटपुटून ते आत निघून गेले.

गोरख खाली मान घालून अंगणात आला. मागोमाग बांगड्या वाजल्या.

"पडकं काढता येतं. उभं येतं का?"

"म्हंजी?"

"पाणी यायच्या आधीचं गाव. मी सांगीन तसं काढायचं. चुकलं की पुसायचं."

त्याला अजून वर बघायचा धीर नव्हता. "किती... किती दिवस लागतील?"

"गाव तसं लहानच व्हतं... पण मी लई सावकाश सांगते."